रियाऊमधली तीन वर्षं, पामतेल आणि आपली कढई

दर्यावाट (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात पाककृती विभागात पामतेलावरून बराच वाद झाला. सगळा कोलेस्टेरॉलचा. मी तिथे दोनदा प्रतिसाद लिहिला आणि दोनदा पुसला, कारण मला सांगायचं होतं ते तब्येतीबद्दल नव्हतं. म्हणून हा वेगळा धागा.

२०१४ ते २०१६ मी इंडोनेशियात होतो. सुमात्रा बेट, रियाऊ प्रांत, एका पामतेलाच्या गिरणीत बॉयलरच्या देखभालीचं काम. पेकानबारू शहरातून गिरणीकडे जायला साडेतीन तास लागायचे आणि त्यातले तीन तास दोन्ही बाजूंना एकच झाड. आमचा गाडीवाला त्याच भागातला होता. तो जाताना बोट दाखवून सांगायचा, इथे आजोबांची दुरियानची फळझाडं होती, इथे रबराची जुनी झाडं, आणि इथे सियालांग. सियालांग म्हणजे ज्यावर आग्या माश्यांची मोहोळं लागतात ती उंच झाडं. एकेका झाडावर डझनांनी पोळी. ते झाड कोणी तोडायचं नाही असा गावाचा नियम, आणि मध काढायचा हक्क कोणत्या घराण्याचा तेही ठरलेलं. आता तिथे नंबर घातलेले प्लॉट आहेत. तो हे रागाने सांगत नव्हता. आपण गावाला गेल्यावर 'इथे आपला जुना वाडा होता' असं सांगतो ना, तसं सांगायचा. मला तेच जास्त लागायचं.

गिरणीचं गणित समजून घ्या, बाकी सगळं त्यातून निघतं. पामच्या फळांचा घड पंधरा-वीस किलोचा. तो कापला की एक-दोन दिवसांत वाफेखाली जायलाच हवा, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं आणि भाव पडतो. म्हणजे शेतकऱ्याला माल घरात ठेवून भावाची वाट बघता येत नाही. जवळची गिरणी सांगेल तो दर. झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं आणि पंचवीसेक वर्षं चालतं, त्यामुळे मधे पीक बदलणंही नाही. घड कापणारा माणूस लांब बांबूला लावलेल्या कोयत्याने काम करतो. त्याला रोजचं लक्ष्य असतं आणि ते एकट्याने होत नाही, म्हणून बायको येते, सुटीच्या दिवशी पोरं येतात, खाली सांडलेली फळं वेचतात. हजेरीपटावर नाव मात्र एकाचंच.

जमिनीचं सांगतो. आमच्या गिरणीच्या आसपासच्या गावांनी १९९० च्या सुमारास जमीन दिली. म्हाताऱ्या माणसांची समजूत अशी होती की ती भाड्याने दिली, कधीतरी परत येईल. कायदा तसं म्हणत नाही. कंपनीला 'हाक गुना उसाहा' नावाचा हक्क मिळतो, ३५ वर्षांचा, पुढे वाढवून मिळणारा. आणि तो संपला की जमीन गावाकडे नाही, सरकारकडे जाते. बदल्यात गावकऱ्यांना 'प्लाझ्मा' योजनेत दोन हेक्टरचा पाम लावलेला तुकडा, आणि लागवडीच्या खर्चाचं कर्ज दर महिन्याच्या पैशातून कापलेलं. हे कर्ज किती उरलंय याचा कागद मी कोणाच्याही घरी पाहिला नाही.

आणि मग २०१५. सप्टेंबरमध्ये रियाऊत आणीबाणी जाहीर झाली. विमानतळ बंद, शाळा बंद. दुपारी एक वाजता सूर्य तांबडा, बघता येईल असा. आमच्या वसाहतीत बायका ओली फडकी दाराच्या फटीत खुपसून बसायच्या. शेजारच्या ऑपरेटरची मुलगी चार महिन्यांची होती. तिला घेऊन ते पाडांगला नातेवाइकांकडे गेले, तिथेही धूर. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळलं. जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. मृत्यूंचा सरकारी आकडा १९ होता. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर मिळून एक लाख अकाली मृत्यूंचा अंदाज मांडला.

सगळी आग पामवाल्यांनी लावली असं मी म्हणत नाही. रियाऊत कागदाच्या लगद्यासाठी लावलेलं अकेशियाही खूप आहे, छोटे शेतकरीही जाळतात. पण गिरणीच्या चिमणीखाली उभं राहून मी ते तेल बंदराकडे जाताना बघितलं आहे, आणि पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपला आहे. दरवर्षी साधारण ८० ते ९० लाख टन. इथल्या लोकांना काय वाटतं?

---

शेवाळ

दर्यावाट, फार मोलाचं लिहिलंत. तुमच्या धुरामागचं कारण थोडं मांडते, कारण 'जंगल जळलं' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वणवा येतो. तिथे जळते ती जमीन.

सुमात्रा-बोर्निओच्या किनारी पट्ट्यात पीटची दलदल आहे. पानं, फांद्या, मुळं पाण्यात बुडून राहतात, हवा लागत नाही म्हणून पूर्ण कुजत नाहीत, हजारो वर्षं थरावर थर साचतो. काही ठिकाणी हा थर दहा मीटरपेक्षा जाड आहे. मूठभर उचललं तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखं लागतं. पामची मुळं पाण्यात बुडालेली चालत नाहीत, म्हणून लागवडीआधी चर खणून पाणी काढतात. पाणी उतरलं की वरचा थर वाळतो, आकसतो, हवा लागून कुजायला लागतो. जमीन दरवर्षी काही सेंटिमीटर खचत जाते. आणि अशा कोरड्या पीटला ठिणगी लागली की आग खाली उतरते. वरून पाणी ओतून ती विझत नाही, आठवडेच्या आठवडे आत धुमसते. पाऊस आला तरच विझते. म्हणून तो धूर महिनोन् महिने.

याची सगळ्यात वाईट कहाणी पामची नाही, भाताची आहे. १९९५-९६ मध्ये सुहार्तो सरकारने बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतात दहा लाख हेक्टर दलदलीवर भातशेती करायचं ठरवलं. देश तांदळात स्वयंपूर्ण व्हावा हा हेतू. चार हजार किलोमीटरहून जास्त कालवे खणले, जावा बेटावरून कुटुंबं आणून वसवली. पीटच्या आम्लधर्मी मातीत भात आला नाही. १९९७ मध्ये ती उघडी पडलेली जमीन पेटली. दोन वर्षांत प्रकल्प गुंडाळला. कालवे तसेच राहिले आणि अजून पाणी काढतायत. २०१५ मध्ये सगळ्यात भयंकर हवा ज्या पालांकाराया शहरात होती, ते या भागाला लागूनच आहे.

---

रोखठोक

धागा मनापासून लिहिलेला आहे, पण दुसरी बाजू यायला हवी.

एक हेक्टर पाम वर्षाला तीन-चार टन तेल देतो. सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. जगातल्या वनस्पती तेलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त पामपासून येतं आणि तेलपिकांखालच्या जमिनीपैकी दहा टक्केही त्याला लागत नाही. उद्या सगळ्यांनी पामतेल सोडलं तर तेवढं तेल काढायला सोयाबीनखाली कितीतरी पट जमीन आणावी लागेल. ती कुठून? ब्राझीलच्या सेर्रादो नावाच्या गवताळ रानातून आणि ॲमेझॉनच्या काठावरून. म्हणजे जंगल इकडचं वाचवून तिकडचं तोडायचं.

शिवाय युरोपने आपली जंगलं कधीच संपवली. आता इंडोनेशियातल्या दोन हेक्टरवाल्या शेतकऱ्याला ते कागदपत्रं मागतात. त्या शेतकऱ्याच्या पोरी शिकल्या त्या पामच्या पैशावर, हेही खरं आहे की नाही?

---

दर्यावाट

रोखठोक, खरं आहे. आमच्या गाडीवाल्याची थोरली मुलगी पेकानबारूत नर्सिंग करत होती, फी पामच्या तुकड्यातून. मी झाडाच्या विरोधात नाहीच. १८४८ मध्ये डच लोकांनी जावातल्या बोगोरच्या बागेत मूळच्या आफ्रिकी पामची चार रोपं लावली, तिथल्या लागवडीची सुरुवात त्यांच्यापासून. झाडाने काय बिघडवलंय?

माझं म्हणणं एवढंच की उत्पादन हेक्टरवर मोजताना तो हेक्टर आधी काय होता ते मोजलं जात नाही. पडीक गवताळ जमिनीवरचा पाम आणि आठ मीटर पीटवरचा पाम, दोन्हीचं तेल एकाच टाकीत पडतं आणि एकाच भावाने विकलं जातं. खरेदीदाराला फरक दिसत नाही, म्हणून कंपनीला फरक करायचं कारण राहत नाही. २००८ पासून शाश्वत पामतेलाचं प्रमाणपत्र आहे. पण प्रमाणित तेलाला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मुख्यतः युरोपातलं, आपल्याकडचं फार थोडं.

आणि बदल होऊ शकतो हेही लिहायला हवं. २०११ मध्ये इंडोनेशिया सरकारने प्राथमिक (कधी न तोडलेलं) जंगल आणि पीटवर नवे परवाने थांबवले, २०१९ मध्ये ती बंदी कायम केली. २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला की आदिवासी समाजांची पारंपरिक जंगलं ही सरकारी जंगलं नाहीत. २०१६ नंतर जंगलतोड बरीच खाली आली. न्यायालयाचा निकाल गावापर्यंत पोचायला मात्र नकाशे लागतात, आणि नकाशा काढणारा माणूस गावात येतच नाही.

---

करडईफूल

मी लातूर जिल्ह्यातली. २०१५ हा आकडा वाचला आणि थांबले.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊसच झाला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही ते घागरींनी भरलं आहे. तेव्हा कळलं होतं की एल निनो आहे. तुमच्याकडे जो धूर होता त्याच्याही मागे तोच एल निनो, हे आज समजलं. एकाच कोरड्या वर्षात तिथे माती जळत होती आणि इथे विहिरीचा तळ दिसत होता.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. माझ्या आजीच्या घरात तेल विकत आणायची पद्धत नव्हती. रब्बी ज्वारीत करडईचे पट्टे असायचे, बांधाच्या कडेने तर हमखास, कारण काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. पाणी लागत नाही. मूळ खोल जातं, काळ्या रानातल्या ओलीवर पीक निघतं. करडई घाण्यावर न्यायची, तेल घरी, पेंड बैलांना. जवस आणि कारळं चटणीला. कोवळ्या करडईची भाजी थंडीत दोनदा-तीनदा व्हायचीच.

१९८६ मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय अभियान आलं आणि सात-आठ वर्षांत देशाची खाद्यतेलाची आयात अगदी थोडी उरली होती. वडील त्या काळाबद्दल बोलतात, भाव चांगला होता. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आलं. गावातला घाणा कधी बंद पडला ते मला आठवत नाही, पण दहावीला असताना त्या जागी मोबाईलचं दुकान होतं.

करडई गेली त्याला फक्त पामतेल जबाबदार नाही. काढणी फार त्रासाची. काटे मऊ असतात तोवर, पहाटे दवात काढावी लागते, हातापायाला पोती गुंडाळून. मजूर नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण भाव असता तर कोणीतरी यंत्र आणलं असतं, बिनकाट्याचं वाण गावोगाव पोचलं असतं. भाव नव्हता, म्हणून सगळे सोयाबीनकडे गेले. आता सोयाबीनचं काय होतं बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं तेव्हा जरा आशा वाटली. तरी त्या हंगामात बाजारात सोयाबीनला क्विंटलमागे ४८९२ रुपयांचा हमीभाव मिळाला नाही. मे २०२५ मध्ये शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. शहरात महागाई वाढू नये म्हणून. ते मला कळतं, शहरात माझी बहीण राहते. पण दर वेळी स्वस्ताईची किंमत कोणाच्या खिशातून जाते, ते आमच्या गावात विचारायला या.

रियाऊतल्या त्या गावात आणि आमच्यात मला फार अंतर वाटत नाही. त्यांची जमीन गेली आणि आमचं पीक गेलं, दोन्ही एकाच तेलासाठी.

---

सागरलाट

करडईफूल ताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

माझं बालपण वडिलांच्या नोकरीमुळे अंदमानात गेलं. लिटल अंदमान बेटावर हटबेजवळ तेलपामचा मळा होता, १५९३ हेक्टर, सत्तरच्या दशकात पावसाळी जंगल तोडून लावलेला. ते बेट ओंगे लोकांचं. शंभरच्या आसपास उरलेला हा समाज, त्यांना डुगाँग क्रीकच्या वस्तीत आणून बसवलेलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंदमानच्या जंगलात अशी एकपिकी लागवड थांबवायचा आदेश दिला. मळा पुढे वाढला नाही.

आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या पामतेल अभियानात, ११,०४० कोटींच्या, विशेष भर कुठे? ईशान्य भारत आणि अंदमान. आयात कमी व्हावी हे मलाही पटतं. पण दर्यावाट यांनी घडाचं गणित सांगितलंय ते मिझोरामच्या डोंगरात लावून बघा. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की घड शेतातच सडतात. गिरणी दूर, आणि ती एकच. आंध्र-तेलंगणात ओलिताच्या सपाट शेतावर पाम लावणं वेगळं, झूम शेतीच्या (जंगल कापून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीच्या) उतारावर लावणं वेगळं.

---

तिलारीकाठ

थोडं विषयाबाहेर वाटेल, पण नाही. आमच्या दोडामार्गात गेल्या वीस वर्षांत हेच झालं, पीक फक्त रबर आणि अननस. बाहेरून खरेदीदार आले, डोंगरच्या डोंगर घेतले. सातबारावर वीस जणांची नावं, अर्धे मुंबईला, एकाने सही केली की बाकीच्यांनीही केली. जेसीबीने उतार साफ केला. पहिल्या पावसात लाल माती ओढ्यात. आमची बारमाही कोंड फेब्रुवारीत आटायला लागली.

२०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीला बंदी घातली, कारण तो वाघांच्या येण्या-जाण्याचा मार्ग आहे. तरी करवतीचा आवाज ऐकू येतो. जमीन विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. काजूला भाव नाही, पोरं गोव्यात कामाला, जंगल राखायचे पैसे कोणी देत नाही आणि तोडायचे रोख मिळतात.

---

खमंग

इतका वेळ वाचत होतो. लिहू की नको असं वाटत होतं, कारण या धाग्यात ते तेल विकत घेणारा बहुधा मीच आहे.

नाशिकला आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. शेव, पापडी, भाजक्या पोह्यांचा चिवडा. आम्ही पामोलिन वापरतो. स्वस्त आहे हे एक कारण. दुसरं असं की कढईत तासन् तास टिकतं, लवकर काळं पडत नाही, आणि पाकिटातला माल तीन महिने खवट होत नाही. शेंगदाणा तेलात शेव जास्त चवदार होते हे मला माहीत आहे, घरी आम्ही तीच खातो. पण दुकानदार दहा रुपयांचं पाकीट मागतो.

एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात बंद केली, तीनेक आठवडे. डब्याचा भाव रोज सकाळी वेगळा. दोन बायकांना आठ दिवस कामावर बोलावता आलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. त्या वेळी पहिल्यांदा मनात आलं की आपली चूल किती लांबच्या हातात आहे.

आणि त्याच वर्षी दिवाळीला रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी त्यात करंज्या तळून आणल्या होत्या. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की हे तेल घेऊ नका? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने आधी बदलायला पाहिजे. म्हणजे मी, आणि माझ्यापेक्षा मोठे कारखानदार.

---

शेवाळ

खमंग दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. एक छोटी गोष्ट वाचकांसाठी: पाकिटाच्या मागे आता नुसतं 'खाद्यतेल' लिहून चालत नाही, कोणतं तेल ते लिहावं लागतं. बिस्किटं, नूडल्स, खारी, वाचून बघा. साबणाचं तर बोलायलाच नको. घरातलं तेल बदलणं सोपं आहे, पण आपल्या पोटात जाणारं बरंचसं पामतेल बाटलीतून येतच नाही.

---

रोखठोक

करडईफूल यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मांडणीत काय राहिलं ते कळलं. मी हेक्टरी उत्पादनाची तुलना पाम आणि सोयाबीनची केली. पण करडई ज्या ओलीवर येते तिथे रब्बीत दुसरं फारसं काही येतच नाही. तिथे 'जास्त जमीन लागेल' हा मुद्दा लागू पडत नाही, जमीन आहेच. सगळी ८० लाख टनांची गरज त्यातून भागणार नाही, हे माझं मत कायम आहे. काही हिस्सा नक्की भागेल.

---

दर्यावाट

सगळ्यांचे आभार. आज गाडीवाल्याला फोन केला होता, बऱ्याच दिवसांनी. मुलगी आता दुमाईच्या दवाखान्यात आहे. त्यांच्या दोन हेक्टरमधली झाडं म्हातारी झाली आहेत, नवी लावायची तर चार वर्षं उत्पन्न नाही. निम्म्या भागात परत रबर आणि दुरियान लावतोय म्हणाला. सियालांगचं एक झाड नदीकाठी अजून उभं आहे, यंदा त्यावर बारा पोळी होती. ती त्याने स्वतः मोजली.

---

खमंग

करडईफूल ताई, तुमच्याकडे या रब्बीत करडई आहे का? आणि घाणा कुठे आहे जवळ? मला दोन डबे पाहिजेत, पाकिटाच्या मालासाठी नाही, दिवाळीच्या ऑर्डरच्या चिवड्यासाठी. तो पंधरा दिवसांत संपतो, खवट व्हायचा प्रश्न नाही. भाव तुम्ही सांगा.

---

करडईफूल

दोन एकरांत पेरली आहे दादा, बिनकाट्याची. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे या दिवाळीला नवीन तेल नाही मिळणार. मागच्या हंगामातलं बी चुलत्यांकडे सत्तर-ऐंशी किलो आहे. लाकडी घाणा औशाला आहे. एका डब्याचं बी तेवढ्यात भागेल, दुसऱ्याचं नाही. एक डबा चालत असेल तर भाव उद्या वडिलांना विचारून सांगते.